वाळूच्या पेटीत थ्रस्ट शीट्स रचताना: पश्चिम तैवानचा नमुना टप्प्याटप्प्याने

दाबाने खडकांचे थर तिरक्या भेगेवर तुटतात आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. ती भेग म्हणजे थ्रस्ट आणि चढलेला तुकडा म्हणजे थ्रस्ट शीट. थ्रस्ट शीट्स एकमेकींवर कशा चढतात हे दाखवायला वाळूची पेटी हे सर्वांत स्वस्त साधन आहे. काचेच्या पेटीत रंगीत थर घालायचे, एका बाजूने फळी रेटायची आणि डोंगर उभा राहताना पाहायचा. तरीही कॉलेजांतल्या बऱ्याच पेट्यांमधून शेवटी एक वेडावाकडा ढीग तेवढा निघतो. दोष बहुधा रेटण्यात नसतो. वाळू धुतली कशी, चाळली कशी, तळाला काय अंथरलं, यावर निम्मा निकाल आधीच ठरलेला असतो. उरलेला निम्मा नोंदीवर ठरतो, कारण तयार रास पाहून कोणती शीट आधी सरकली ते खात्रीने सांगता येत नाही. ते घडताना टिपावंच लागतं.

नमुना म्हणून इथे पश्चिम तैवानच्या टेकड्या घेतल्या आहेत. फिलिपीन समुद्राची प्लेट तिथे युरेशियाच्या दिशेने वर्षाला सुमारे 8 सेंमी सरकते. त्या रेट्याने किनाऱ्यालगतचे गाळाचे थर सोलले जाऊन पश्चिमेकडे, तैवानच्या सामुद्रधुनीच्या बाजूला, एकावर एक चढले आहेत. पूर्वेकडून पश्चिमेला येताना श्वांगतुंग, चेलुंगपू आणि चांगह्वा हे थ्रस्ट लागतात. यांपैकी चेलुंगपू 21 सप्टेंबर 1999 च्या 7.6 तीव्रतेच्या भूकंपात सरकला. त्यामुळे त्याची माहिती भरपूर आहे आणि पेटीतलं चित्र ताडून पाहायला तो सोयीचा आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी इथेच एक खुलासा. सह्याद्रीच्या कड्यात दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे थ्रस्ट शीट्स नव्हेत. ते लाव्हाचे आडवे थर आहेत, एकावर एक वाहत आलेले. सह्याद्री दाबाने उभा राहिलेला नाही. म्हणून पेटीतला डोंगर त्याच्याशी जुळवायला जाऊ नका.

## टप्पा 1: प्रश्न आणि प्रमाण ठरवा

वाळूला हात लावण्यापूर्वी कागदावर एक प्रश्न लिहा. "तळाचं घर्षण वाढवलं तर शीट्समधलं अंतर बदलतं का?" हा चालणारा प्रश्न आहे. "डोंगर कसे होतात?" हा नाही. एका प्रयोगात एकच गोष्ट बदला. तळ, जाडी आणि झीज असं तिन्ही बदललंत, तर निकालाचं श्रेय कुणालाच देता येणार नाही.

प्रमाण 1 सेंमी म्हणजे 1 किमी असं धरा. लांबी लाखपट लहान केली की खडकाची ताकदही जवळजवळ तितकीच कमी करावी लागते. वाळू खडकापेक्षा हलकी असल्यामुळे थोडी आणखी. खडकाचे कण एकमेकांना धरून ठेवतात ती ताकद 10 मेगापास्कल मानली, तर पेटीतल्या पदार्थात ती जेमतेम 65 पास्कल हवी. कोरडी वाळू याच पट्ट्यात बसते.

सावधान: ओली वाळू वापरू नका. ओलाव्याने कण एखाद्या किलोपास्कलने धरले गेले, तर याच प्रमाणात त्याचा अर्थ सुमारे 150 मेगापास्कलचा खडक असा होतो. डोंगराएवढा खडक इतका मजबूत नसतो. ओल्या वाळूत थ्रस्ट न होता ढेकळं उचलली जातात आणि खाली पोकळ्या राहतात.

## टप्पा 2: पेटी

आतून 80 सेंमी लांब, 25 सेंमी रुंद आणि 20 सेंमी उंच एवढी पेटी पुरते. लांब बाजू काचेच्या करा. ॲक्रिलिक हलकं आणि कापायला सोपं असतं, पण घासल्यावर त्यावर स्थिर वीज साठते, बारीक कण चिकटतात आणि तासाभरात बाजू धूसर होते.

रेटणारी फळी प्लायची चालेल. ती हाताने ढकलू नका. हाताचा रेटा धक्क्याधक्क्याने पडतो आणि फळी तिरकी होते. हार्डवेअरच्या दुकानात आटे पाडलेला 12 मिमी जाडीचा रॉड मिळतो. त्याचे नेहमीचे आटे 1.75 मिमी अंतरावर असतात, म्हणजे एका फेऱ्यात फळी तेवढीच सरकते. दहा फेऱ्यांना 17.5 मिमी. मोटर नसली तरी फेरे मोजून सरकण अचूक कळते. कोरड्या वाळूचं वागणं वेगावर फारसं अवलंबून नसल्याने हात थांबला, चहा प्यायलात, तरी बिघडत नाही. धक्का मात्र बसता कामा नये.

फळीच्या खाली आणि दोन्ही कडांना फोमची पट्टी चिकटवा. नाहीतर वाळू फळीच्या मागे गळते आणि शेवटचा हिशेब जुळत नाही.

काचेचं घर्षण हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. काचेलगतची वाळू मागे ओढली जाते, मधली पुढे जाते. त्यामुळे वरून पाहताना थ्रस्टची रेघ धनुष्यासारखी वाकते. काच स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, गाडीचं पॉलिश लावून कोरड्या कापडाने पुसून घ्या. तरीही थोडा बाक येणारच. म्हणून रुंदी 25 सेंमी ठेवायची आणि मोजमाप मधल्या भागातच घ्यायचं.

तपासणी: रिकाम्या पेटीत फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पाहा. कुठे अडते का, दोन्ही कडा सारख्या सरकतात का, ते पट्टीने मोजा.

## टप्पा 3: वाळू

कोरडी, स्वच्छ, 0.2 ते 0.5 मिमी कणांची क्वार्ट्‌झ वाळू हवी. पाण्याच्या फिल्टरसाठी विकली जाणारी वाळू चांगली. आपल्याकडच्या दख्खनी नद्यांच्या वाळूत बेसॉल्टचे काळे कण आणि चिकणमातीची पूड असते. ती वापरायचीच असेल तर वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. कोकणातली किनाऱ्याची वाळू मोहात पाडते, पण तिच्यात शिंपल्यांचे चपटे तुकडे आणि मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात अशी वाळू सकाळी कोरडी आणि दुपारी दमट लागते.

धुतलेली वाळू उन्हात पसरून वाळवा. पावसाळ्यात लोखंडी कढईत परता आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम वाळू पेटीत घातली तर काचेवर दमटपणा धरतो.

रंगासाठी थोडी वाळू शाईत भिजवून पुन्हा खडखडीत वाळवा. रंगवलेल्या कणांचं घर्षण साध्या कणांहून वेगळं होऊ शकतं, म्हणून रंगीत थर कागदाएवढे पातळच ठेवा. रांगोळीही खुणेच्या रेघेपुरतीच. अख्खा थर रांगोळीचा केलात तर बारीक पूड दबून घट्ट होते आणि थ्रस्ट होण्याआधी तडे जातात.

सावधान: कोरडी वाळू चाळताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते आणि कायमची इजा करते. घट्ट बसणारा धूळरोधक मास्क लावा. चाळण्याचं काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करा आणि लहान मुलांना तिथे थांबवू नका.

तपासणी: मूठभर वाळू कागदावर ओता. शंकूचा उतार कोनमापकाने मोजा. साधारण 30 ते 34 अंश यायला हवा. बाजू उभ्या कड्यासारख्या तुटत असतील तर ओलावा उरला आहे.

## टप्पा 4: तळ

तळाचा कमकुवत पृष्ठभाग, ज्यावरून सगळी रास घसरते, तोच डोंगराचा आकार ठरवतो. रेटल्या जाणाऱ्या वाळूची पाचर होते. तिचा वरचा उतार आणि तळाचा उतार मिळून एक ठरावीक कोन गाठला जाईपर्यंत ती आतून जाड होत राहते. कोन गाठला की सगळी पाचर तळावरून पुढे घसरते आणि टोकाशी नवीन थ्रस्ट फुटतो. तळ जितका खरखरीत, तितका हा कोन मोठा.

आडव्या तळावर गुळगुळीत प्लास्टिक अंथरलं तर वरचा उतार साधारण 6 ते 9 अंश येतो. तोच तळ सँडपेपरचा केला तर 15 च्या पुढे जातो. तैवानमध्ये भूपृष्ठाचा सरासरी उतार सुमारे 2.9 अंश आणि तळाचा सुमारे 6 अंश पूर्वेकडे आहे. तिथे खडकांच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब घर्षण कमी करतो. कोरड्या पेटीत पाणी नाही, म्हणून तळ शक्य तितका गुळगुळीत ठेवून ती उणीव थोडी भरून काढायची. पेटीही फळीच्या बाजूला 3 ते 6 अंश खाली कलती ठेवता येते. पहिल्या प्रयोगात मात्र ती आडवीच ठेवा.

प्लास्टिकला सुरकुती नको. एका सुरकुतीशी थ्रस्ट हमखास अडकतो आणि आपण त्याला निसर्गाचा नियम समजून बसतो.

## टप्पा 5: थर घालणे

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात.

1. फळीपासून पुढे 60 सेंमी लांबीत थर घालायचे. उरलेली जागा मोकळी सोडा.
2. वाळू भांड्याने ओतू नका. 20 ते 30 सेंमी उंचीवरून चाळणीने सारखी भुरभुरवा. चाळून पडलेली वाळू दाट बसते आणि तिच्यात थ्रस्ट बारीक, स्पष्ट रेघेत होतात. ओतलेली वाळू सैल असते. ती आधी दबते, फुगते आणि थ्रस्टऐवजी जाडसर पट्टा देते. उंची मध्येच बदलली तर एकाच थरात दोन ताकदी तयार होतात.
3. अर्धा सेंमी जाडी झाली की पातळ पट्टीने पृष्ठभाग सरळ करा. पट्टी दाबू नका, नुसती ओढा.
4. वर रंगीत वाळूची पातळ खूण.
5. एकूण 3 सेंमी होईपर्यंत हेच करा.

दुसऱ्या प्रयोगासाठी मधला एक थर, 2 ते 3 मिमी, बारीक काचेच्या मण्यांचा घाला. रस्त्यावरचे पांढरे पट्टे रात्री चमकावेत म्हणून त्यांत टाकतात तसे मणी, चाळून सर्वांत बारीक घ्यायचे. गोल मण्यांचं घर्षण वाळूपेक्षा कमी असतं. तैवानमध्ये हे काम चिन्शुई शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक, करतो. चेलुंगपू थ्रस्ट याच शेलच्या थरांना समांतर सरकतो. भूकंपानंतर खणलेल्या विंधनछिद्रात सुमारे 1,111 मीटर खोलीवर सरकणीचा पट्टा याच शेलमध्ये सापडला.

सावधान: थर घातल्यावर टेबलाला धक्का लागला, पेटी उचलली किंवा शेजारी दार आपटलं, तर वाळू पुन्हा बसते. दुरुस्ती नाही. थर काढून नव्याने घाला.

तपासणी: काचेतून प्रत्येक खूण आडवी आणि सलग दिसते का? चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी सुईने खोली मोजा. 1 मिमीहून जास्त फरक चालणार नाही.

## टप्पा 6: रेटणे आणि नोंद

कॅमेरे दोन. एक काचेसमोर, एक वरून. दोन्ही स्टँडवर घट्ट. चौकटीत पट्टी दिसली पाहिजे. पृष्ठभागावर पुढच्या टोकाकडून, अगदी खालच्या कोनातून एक टॉर्च लावा. नवा थ्रस्ट डोळ्याला दिसण्याआधी त्याची सावली दिसते, आणि पहिली रेघ कधी उमटली याचं उत्तर तीच देते.

दर दोन फेऱ्यांना, म्हणजे 3.5 मिमीला, थांबा आणि फोटो घ्या. पहिल्या फेऱ्यांत काहीच घडत नाहीसं वाटतं. प्रत्यक्षात फळीजवळचा थर किंचित जाड होत असतो. ही नोंद वगळू नका, शेवटच्या हिशेबात ती लागते. मग पृष्ठभागावर एक मंद फुगवटा येतो. त्याच्या दोन्ही कडांना रेघा उमटतात: पुढची, 30 अंशांहून थोडी सपाट, मुख्य थ्रस्टची. मागची, अधिक उभी, वर जाताना फळीकडे झुकणारी, बॅकथ्रस्टची, म्हणजे उलट दिशेच्या थ्रस्टची. मधला तुकडा वर उचलला जातो. त्याची पुढची कड वर येताच तिथली वाळू टिकत नाही, दाणे ओघळून पायथ्याशी छोटी पंख्यासारखी रास करतात.

रेटत राहा. पहिली शीट पुढच्या थरावर चढते, पाचर जाड होते, आणि मग एका क्षणी पुढे, जिथे अजून सपाट वाळू होती, तिथे नवी रेघ दिसते. आता नव्या थ्रस्टवर सरकण सुरू होते आणि जुनी शीट त्याच्या पाठीवर बसून जाते. जुना थ्रस्ट नुसता वाहून नेला जात नाही, तो कलतो. पुढच्या शीट्स खालून उचलत गेल्या की मागच्या थ्रस्टचा कोन 25 वरून 40 आणि त्याच्याही वर जातो. म्हणून अंतिम छेदात मागे उभे आणि पुढे सपाट असे थ्रस्ट दिसले, तर ते उभेच जन्मले असं लिहू नका. फोटो मागे नेऊन प्रत्येकाचा जन्मकोन शोधा.

नोंदवहीत प्रत्येक थ्रस्टसाठी चार गोष्टी हव्यात: कितव्या फेऱ्याला उमटला, फळीपासून किती अंतरावर, जन्मकोन, आणि सरकण कधी थांबली. "थांबला" हा शब्द जपून वापरा. पाचर फार सपाट झाली की मागचा थ्रस्ट पुन्हा जागा होतो. तैवानमध्येही सर्वांत पुढचा थ्रस्ट चांगह्वा असताना 1999 साली सरकला तो त्याच्या मागचा चेलुंगपू. मागून पुढे हा क्रम नेहमीचा असला तरी तो एकेरी नाही.

मण्यांचा मधला थर घातला असेल तर चित्र बदलतं. मण्यांच्या खालचे थर स्वतंत्रपणे लहान लहान शीट्समध्ये तुटून एकमेकांमागे रचले जातात. वरचे थर मण्यांवरून घसरत त्यांच्यावर छपरासारखे वाकतात. हा डुप्लेक्स. वरून पाहताना फक्त एक रुंद घडी दिसते, आत चार शीट्स असतात. वरच्या खुणांवरून आतली संख्या ठरवणं ही इथली नेहमीची चूक.

तपासणी: वरच्या फोटोत थ्रस्टची रेघ मधल्या अर्ध्या रुंदीत सरळ आहे का? तिथेही वाकलेली असेल तर काचेचं घर्षण जिंकलं आहे. प्रयोग थांबवा, काच पुन्हा पुसा.

## टप्पा 7: झीज आणि भर

किनाऱ्याजवळच्या डोंगरात हा टप्पा वगळला तर अर्धी गोष्ट हरवते. तैवानवर वादळी पाऊस पडतो, नद्या डोंगर झिजवतात आणि गाळ पश्चिमेच्या मैदानात आणि समुद्रात नेऊन टाकतात. पण हा टप्पा तिसऱ्या प्रयोगासाठी ठेवा. आधी झिजेशिवायचा प्रयोग दोनदा सारखा आला पाहिजे.

झीज दाखवताना दर 2 सेंमी रेट्यानंतर पाचरीच्या वरच्या भागातली वाळू बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. नळी पृष्ठभागाला टेकवू नका, खड्डा पडतो. काढलेली वाळू तोला. तितक्याच वजनाची वेगळ्या रंगाची वाळू पायथ्यापुढे चाळणीने पसरा.

माथा हलका झाला की पाचर तिच्या कोनाच्या खाली येते आणि तो परत मिळवण्यासाठी मागचे थ्रस्ट चालू राहतात. पायथ्यावर भर पडली की तिथे नवा थ्रस्ट फुटायला जास्त जोर लागतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा: शीट्स संख्येने कमी, प्रत्येकीवर सरकण जास्त. नेमका कुणाचा परिणाम किती, हे पाहायचं असेल तर झीज आणि भर वेगवेगळ्या प्रयोगांत करा.

## टप्पा 8: छेद घेणे

काचेतून दिसणारं चित्र हे काचेजवळचं चित्र आहे. मधला छेद कापलाच पाहिजे.

वर एक सेंमीभर साधी वाळू हलकेच चाळून पृष्ठभाग झाका. मग पायथ्याकडून, एका कोपऱ्यातून, थेंबाथेंबाने पाणी सोडा. ते खालून वर झिरपत आलं पाहिजे. वरून शिंपडलंत तर खुणा वाहतात आणि अडकलेल्या हवेचे बुडबुडे थर फोडतात. पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण घातला की ते सहज मुरतं. पृष्ठभाग ओला दिसल्यावर पाणी थांबवा, तासभर निथळू द्या. मग पातळ पत्र्याने रेटण्याच्या दिशेला समांतर, मध्यापासून बाहेर, 2 सेंमीच्या अंतराने छेद घ्या. प्रत्येक छेदाचा फोटो पट्टीसह.

## टप्पा 9: हिशेब

समजा 60 सेंमी लांब, 3 सेंमी जाड थर 20 सेंमी रेटला. आकुंचन 33 टक्के. छेदाचं सुरुवातीचं क्षेत्रफळ 180 चौ. सेंमी होतं. झीज केलेली नसेल तर शेवटीही जवळपास तेवढंच यायला हवं, वर झाकायला घातलेली वाळू सोडून. थोडं जास्त येईल, कारण थ्रस्टच्या रेषेत दाट वाळू सैल होते. 180 पेक्षा कमी आलं तर फळीखालची पट्टी गळली आहे. 5 टक्क्यांहून जास्त वाढलं तर मोजणीत चूक शोधा.

आता एका रंगीत खुणेचे सगळे तुकडे दोऱ्याने मोजून बेरीज करा. ती 60 येणार नाही, कमी येईल. इथे विद्यार्थी घाबरून आकडे जुळवतात. जुळवू नका. राहिलेली लांबी थ्रस्ट होण्याआधी थर जाड होण्यात खर्च झाली आहे, टप्पा 6 मधल्या पहिल्या "काहीच घडत नाही" फेऱ्यांत. खऱ्या डोंगरातही फक्त थ्रस्टवरची सरकण जोडून आकुंचन काढलं तर ते कमी भरतं, त्याचं एक कारण हेच.

तैवानशी तुलना करताना उतार, शीट्समधलं अंतर भागिले जाडी, आणि क्रम या तीनच गोष्टी घ्या. भूकंप घेऊ नका. 1999 मध्ये चेलुंगपूवर उत्तर भागात जमीन सुमारे 8 मीटर उचलली गेली, शिहकांग धरण तुटलं. आपल्या प्रमाणात ते 0.08 मिमी होतं, म्हणजे वाळूच्या एका दाण्याच्या निम्म्याहून कमी. पेटी हजारो भूकंपांची बेरीज दाखवते, एक भूकंप नाही. भाराने खाली वाकणारं कवच आणि खोलवरची उष्णताही तिच्यात नाही. अहवालात हे स्पष्ट लिहा.

शेवटी वाळू परत वापरायची असेल तर धुऊन, वाळवून, पुन्हा चाळा आणि शंकूचा उतार परत मोजा. मण्यांच्या प्रयोगातली वाळू वेगळ्या डब्यात ठेवा. मणी आणि वाळूचे दाणे जवळपास एकाच मापाचे असतात, चाळणीने ते पूर्ण वेगळे होत नाहीत, आणि मिसळलेली वाळू पुढच्या प्रयोगात तळाचं घर्षण गुपचूप बदलते.